हातात चेंडू नसेल तर

आबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस थकला, त्याचे गुडघे गेले, की लोक त्याच्याविषयी गोडगोड बोलायला लागतात. आमच्या मावळात तर ही रीतच आहे. जिवंतपणी ज्याला कुणी बसायला खुर्ची देत नाही, त्याच्या दहाव्याला पार हायवेपासून फ्लेक्स लागतात. आबा अजून आहेत, दोन वेळा जेवतात, पेपर वाचतात. त्यामुळे मला जे म्हणायचं आहे ते आत्ताच म्हटलेलं बरं.

ते माझ्या नात्यातले नव्हेत; बेडसे गावचे, पण नोकरी खंडाळ्याच्या घाटात, रेल्वेत. कीमन होते. म्हणजे हातोडा आणि पाना घेऊन नेमून दिलेला रूळ रोज पायी तपासायचा, ढिल्या झालेल्या चाव्या ठोकायच्या, रुळावर दगड आलेला असेल तर बाजूला करायचा. आणि सुट्टीच्या दिवशी ते तालुक्यातल्या मुलींच्या सॉफ्टबॉलचे पंच. हा खेळ ते तरुणपणी लोणावळ्याला रेल्वेच्या पोरांबरोबर खेळून शिकले होते. शिक्षण सातवी, आणि नियमांचं पुस्तक इंग्रजीत. त्यातलं एकच पान त्यांनी एका मास्तरांकडून मराठीत लिहून घेतलं होतं आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवलेलं असे. ते पान ऑब्स्ट्रक्शनचं होतं. पळणाऱ्याची वाट अडवण्याचं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानात चार बेस असतात, शेवटच्याला होम म्हणतात. चेंडू मारणारी मुलगी एकेक बेस गाठत होमवर पोचली की एक धाव. ती दोन बेसच्या मध्ये असताना समोरच्या मुलीने हातात चेंडू घेऊन तिला शिवलं की ती आउट. मी कॅचर होते, म्हणजे होमवर बसणारी. आता चेंडू अजून हातात आलेलाच नाही आणि तरी मी पळणारीच्या वाटेत उभी राहिले, तर ते ऑब्स्ट्रक्शन. मग पंचाने तिला तो बेस द्यायचा, जिथवर ती पोचली असती. आबा सगळा नियम एका दमात सांगायचे, "हातात बॉल न्हाई, त्यानं वाट सोडायची." पुस्तकात एवढं सोपं कुठेच लिहिलेलं नाही, मी नंतर वाचलं आहे.

भांडणं व्हायची ती हे कधी द्यायचं यावरून. बहुतेक मास्तरांचं म्हणणं असायचं की धक्का लागला तरच द्या. आमच्या शाळेचे खेळाचे सरही तसेच. ते एकदा मैदानात येऊन आबांशी हुज्जत घालायला लागले की, अहो पंच, माझी मुलगी तिला शिवलीसुद्धा नाही. आबा म्हणाले, "धक्का कशाला लागाया पायजे? तुमी दारात आडवं हुबं ऱ्हायला, तर पाव्हना तुमाला धडकून मग थांबतो का? आदीच थांबतो." सर मागे फिरले आणि त्याचा राग त्यांनी पुढचा आठवडाभर आमच्यावर काढला.

आबा चेंडूकडे बघतच नसत. पळणारीच्या पायांकडे बघत. पावलांची लय कुठे तुटली, कुठे ती कचरली, कुठे तिने अर्धं पाऊल बाहेर टाकलं, ते त्यांना नेमकं दिसायचं. बॉलला कोण अडवतंय, मग बॉलकडं काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. याचा परिणाम असा की चेंडू झेलला की सुटला हे पुष्कळदा त्यांना दुसऱ्या पंचाला विचारावं लागे, आणि पालक हसत. पण आंधळे नव्हते. फटकावलेल्या चेंडूमागे एखादी पोरगी धावत असेल, तर वाट तिची आणि पळणारीने वळसा घालायचा, हेही ते तितक्याच काटेकोरपणे देत.

आणि त्यांचा तो डावा हात. ऑब्स्ट्रक्शनला खेळ लगेच थांबवत नाहीत. पंचाने डावा हात आडवा ताठ करायचा, मूठ मिटायची, आणि खेळ चालू द्यायचा. सगळं संपलं की मग निकाल. "हात लगीच, निकाल मागनं," हे आबांचं दुसरं वाक्य. बघणाऱ्यांना काही कळायचं नाही. म्हातारा हात काढून उभा आहे, पोरी पळताहेत, कुणीतरी आउट होते, टाळ्या पडतात, आणि मग हे शांतपणे सांगतात की ती आउट नाही, तिला होम दिलं आहे. अशी शिवीगाळ व्हायची की विचारू नका. मुलींच्या सामन्याला येऊन शिव्या देणारे बाप ही एक वेगळीच जात आहे, त्यांच्याविषयी बोलायला लागले तर आबा बाजूलाच राहतील.

हा हात मैदानाबाहेरही निघायचा, ही खरी गंमत. कामशेतला एसटीच्या दारात कुणी गप्पा मारत उभं राहिलं की आबांचा डावा हात आडवा. रेशनच्या रांगेत कुणी मध्येच घुसून बाईमाणसाला अडवलं की हात आडवा. तोंडाने काही बोलायचं नाही. इंदुरीला एका लग्नात जेवणाच्या वाढपाशी नवरदेवाचा मामा ताट घेऊन गप्पा ठोकत उभा राहिला, मागे रांग खोळंबली. आबा तिथेही हात काढून उभे. मामांना वाटलं हे हात मिळवायला आले आहेत, त्यांनी तो हात धरून हलवला. आबांनी पुन्हा आडवा केला. शेवटी कुणीतरी मामांना बाजूला घेतलं.

बेडश्याकडून पवनेच्या पाण्याकडे जाणारी एक जुनी पायवाट होती. कुणा मुंबईच्या शेठने बंगला बांधला आणि त्या वाटेवर लोखंडी गेट बसवलं. गावाने अर्ज केले, तारखा पडल्या, पुढे काही झालं नाही. आबा एका रविवारी सकाळी जाऊन गेटसमोर डावा हात आडवा करून उभे राहिले. दुपारपर्यंत उभे होते. वॉचमन आमच्याच भागातला, त्याला लाज वाटली, त्याने खुर्ची आणून दिली. आबा बसले, पण हात खाली घेतला नाही. शेठ संध्याकाळी गाडीतून बाहेर पडला, काच खाली करून म्हणाला, काका, लिफ्ट हवी का? गेट अजून तिथेच आहे. मी तिकडून जाते तेव्हा मला त्या गेटवर दगड घालावासा वाटतो.

त्यांना वाट अडवण्यापेक्षाही जास्त संताप यायचा तो हूल देण्याचा. चेंडू नसताना ग्लोव्ह मिटायचा आणि शिवल्यासारखं वाकायचं, म्हणजे पळणारी घाबरून घसरते. एका शाळेच्या मास्तरांनी मुलींना हे पद्धतशीर शिकवलं होतं. त्यांच्या हुलीने एक पोरगी दगडाळ मैदानावर घसरली, गुडघा सोलून निघाला. आबांनी तिला बेस दिला, मग सरळ मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "मास्तर, आता तुमी यकदा घसरून दावा." मास्तर हसले. आबा हसले नाहीत. ते तिसऱ्या बेसपाशी हाताची घडी घालून उभे राहिले आणि मास्तर त्या पोरीची माफी मागेपर्यंत सामना सुरू होऊ दिला नाही. अर्धा तास गेला. मास्तरांनी माफी मागितली. त्या दिवशी आम्हा पोरींना वाटलं होतं की जगात एक तरी माणूस असा आहे, ज्याच्यासमोर आपल्याला कुणी अडवणार नाही. सतरा वर्षांच्या मुलीला असं वाटायला लावणं हा मोठा गुन्हा आहे, असं मला आता वाटतं.

कारण यानंतर जे झालं ते सांगायचं आहे.

त्यांची मुलगी रूपाली. आई लहानपणीच गेलेली, ही बापाच्या मागे मागे मैदानात वाढली. पवन मावळातल्या एका गावच्या शाळेकडून खेळायची. त्या शाळेला धड मैदान नव्हतं, भात काढल्यावर रिकाम्या खाचरात त्यांचा सराव चालायचा, आणि तरीही पोरी अशा पळायच्या की आम्ही तळेगावच्या मुली नुसत्या बघत राहायचो. रूपाली सगळ्यांत पुढे. बारावीच्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात त्यांची शाळा आणि आमची शाळा समोरासमोर आली. जिंकणारा संघ पुढे विभागाला, तिथून राज्याला. राज्य पातळीवर नंबर आला की प्रमाणपत्र, आणि त्या कागदावर सरकारी भरतीत खेळाडूंच्या राखीव जागा. रूपालीला पोलिसात जायचं होतं. तिच्या गावातून आजवर एकही मुलगी गेली नव्हती. तो कागद मिळाला तर ती जाणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला काय व्हायचं होतं हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

सामना तळेगावात, रविवारी. पुण्याहून येणारे पंच हायवेच्या गर्दीत अडकले, आणि शेवटी त्यांनी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. बेसवर उभं राहायला एक शिक्षक होते, पण होमवर उभा राहू शकेल असा तिथे एकच माणूस होता. आबा मुलीचा खेळ बघायला आले होते. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, माजी पोरगी हाय त्यात, मी हुबा ऱ्हानार न्हाई. आमच्या सरांनी त्यांचे हात धरले. म्हणाले, "आबा, तुमच्यावर संशय घेईल असा माणूस या तालुक्यात जन्मलेला नाही. सामना रद्द झाला तर दोन्हीकडच्या मुलींचं वर्ष जाईल." ते ऐकून आबा वितळले. मी शेजारीच पॅड बांधत होते.

आबा तयार झाले आणि लगेच आमचे सर पालकांच्या घोळक्यात गेले. तिथे ते मुद्दाम मोठ्याने बोलले, आबांना ऐकू जाईल असं. की आता काय बघायचं, बापच पंच, निकाल घरातच ठरलेला. दोन-चार बाप लगेच सुरू झाले. मग सर माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "रूपाली होमकडे आली तर पाय रोवून आडवी बस. चेंडू असो नसो. तो आज हात काढणार नाही."

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाची भीड ठेवली नाही, त्याच्या सरळपणालाच सरांनी गळ लावला. आणि मी मान हलवली. मला कुणी धमकावलं नव्हतं. मी सतरा वर्षांची होते हे खरं, पण सतराव्या वर्षी चूक काय आणि बरोबर काय हे नीट कळतं. जे म्हणतात कळत नाही, ते स्वतःला माफ करायला म्हणतात.

शेवटचा डाव. धावा सारख्या. त्यांच्या दोघी आउट झालेल्या, तिसरी झाली की डाव संपणार, आणि रूपाली दुसऱ्या बेसवर. त्यांच्या मुलीने चेंडू लांब मारला आणि रूपाली निघाली. तिसरा बेस ओलांडून ती सरळ माझ्याकडे येत होती आणि चेंडू अजून पार मैदानाच्या कडेला होता. मी डावा पाय लाइनवर आडवा टाकला आणि गुडघा टेकला. वाट पूर्ण बंद. तिने पाय बघितला, तिची पावलं अडखळली, ती बाहेरच्या बाजूला गेली आणि हातावर पडली. तेवढ्यात चेंडू आला. मी तिला शिवले. हे सगळं आबांपासून तीन पावलांवर घडलं, आणि ते तर पायांकडेच बघणारे.

मी चेंडू वर धरला आणि आबांच्या डाव्या हाताकडे बघितलं. खरं सांगते, तो निघावा असं मला त्या क्षणी वाटलं. हात कमरेपासून थोडासा हलला. मी पाहिला. मग तो परत मांडीला चिकटला, आणि उजवी मूठ वर गेली. आउट.

रूपाली मातीतच बसून बापाकडे बघत राहिली. तिच्या शाळेचे शिक्षक धावत आले, आरडाओरडा झाला. आमचे सर हात वर करून म्हणाले, अहो, खुद्द बापाने आउट दिलंय, आणखी काय पाहिजे? त्यावर कोण काय बोलणार? पुढच्या जादा डावात आम्ही एक धाव काढली आणि जिंकलो.

आणि बक्षीस समारंभात आबांचा सत्कार झाला. शाल, नारळ. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की पोटच्या पोरीलाही बाद देणारा असा निःपक्षपाती पंच मावळच्या मातीतच होऊ शकतो. टाळ्या पडल्या. शिव्या देणाऱ्या बापांनीच सगळ्यांत जास्त वाजवल्या. आयुष्यभर त्यांनी हजार वेळा बरोबर निकाल दिला, तेव्हा या लोकांनी त्यांना चहा विचारला नाही, आणि एकदा खोटा दिला तर शाल. रूपाली मागे बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. आबांनी शाल खांद्यावरून काढली नाही, घातलीही नीट नाही. मला तेव्हापासून सत्कार बघवत नाहीत. आता मी शिकवते त्या शाळेत पाहुण्यांना शाल द्यायचं काम माझ्याकडे आलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते.

आम्ही राज्यात तिसरे आलो. त्या कागदावर मला नोकरी लागली, मी आज खेळाची शिक्षिका आहे. रूपालीने पोलीस भरती दोनदा दिली. पळण्यात पहिली यायची आणि गुणांच्या यादीत थोडक्यात राहायची. वय निघून गेलं. गावातच लग्न झालं, आता ती लोणावळ्याच्या एका हॉटेलात चादरी बदलते. कामशेतच्या बाजारात ती मला एकदा भेटली. मी तोंड चुकवत होते, तीच थांबली. म्हणाली, तुजा पाय आडवा व्हता हे मला म्हाईत हाय, पर खेळात समदेच करत्यात. मग म्हणाली की आबांनी घरी येऊन सांगितलं, लय धूळ उडाली, त्यांना काही दिसलंच नाही. डोळेच गेलेत म्हणाले. त्यानंतर आबांनी पंचगिरी सोडली, चष्मा लावला. ती हे अगदी सहज बोलली, पिशवीतली मेथी निवडता निवडता. मी हो हो म्हटलं आणि निघून आले.

म्हणजे तो हात हललेला फक्त मला माहीत होता. हे ओझं मी कुणाकडे मागितलं होतं? मला राग येत होता तो याचा. चोरी मी केली, पण ती पकडणं हे त्यांचं काम होतं. त्यांनी पकडली असती तर मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, आणि सुटले असते.

या वर्षी तालुक्याच्या सामन्यात होमवर मी पंच होते. इथे अजूनही पंच कमीच, आपल्या शाळेच्या सामन्याला उभं राहावं लागतं. माझ्याच कॅचरने वाट अडवली, मी डावा हात काढला, आम्ही हरलो. पालकांनी मला घेरलं. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं की, बाई, तुम्ही नक्की कुणाच्या शाळेत नोकरी करता? शाळा सुटल्यावर गाडी काढली आणि तडक बेडश्याला गेले.

आबा पडवीत बसले होते. गुडघ्यांना पट्टा, डोळ्यांवर जाड काळ्या काड्यांचा चष्मा. आत रूपाली भाकरी करत होती. ती कामावरून आली की आधी बापाकडे येते, त्याच्या भाकरी टाकते आणि मग स्वतःच्या घरी जाते, हे मला ठाऊक होतं. तिने आतूनच, "बस गं, च्या ठेवते," म्हटलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मी सामन्याचं सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, बरोबर दिलंस म्हणाले. मग तोंड पुसायला चष्मा काढून त्यांनी माझ्या बाजूला ठेवला. मी तो सहज उचलून डोळ्यांना लावला. त्याला नंबरच नव्हता. साधी काच. बाजारात टोपल्यांतून विकतात तसला. बारा-तेरा वर्षं हा माणूस साध्या काचेतून जगाकडे बघत होता, एका खोट्या वाक्याला खरं ठरवण्यासाठी.

मला तिथे जो संताप आला तो मी लिहू शकत नाही. आवाज खाली ठेवायला हवा होता. मला कळत होतं. ठेवला नाही.

"आबा, तुम्हाला दिसलं होतं," मी म्हटलं. "धूळबिळ काही नव्हती. तुमचा हात हलला होता. मी पाहिलाय."

आबांनी माझ्या हातातला चष्मा काढून घेतला. मला वाटलं होतं नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"दिसलं व्हतं," ते म्हणाले. "तुजा पाय दिसला, तिचं पाऊल मोडलेलं दिसलं. समदं दिसलं. तू आज तुज्या पोरींच्या इरुद्ध हात काडला, बरं केलंस. पर आपल्या माणसाच्या इरुद्ध हात काडणं सोपं असतंय पोरी. लोक शाल देत्यात. आपल्या माणसाच्या बाजूनं काडाया छाती लागती. ती मला न्हवती."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते मला कळलं नाही.

रूपाली दारात आली. हाताला पीठ तसंच. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बापाकडे बघितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही.

"दिसलं न्हाई, एवड्यावर मी हितं रोज येत व्हते आबा," ती म्हणाली.

तिने अंगणातल्या पिंपातलं पाणी घेऊन हात धुतले, पदराला पुसले, चपला घातल्या आणि ती गेली. आबांनी तिला हाक मारली नाही. मीही नाही. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही तिकडेच बघत होतो.

मग आतून करपल्याचा वास आला. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले, तव्यावरची भाकरी उलथली. मी दारापर्यंत गेले. टोपल्यात तीन भाकरी होत्या, त्यांनी चौथी त्यावर ठेवली आणि गॅस बंद केला. एका ताटलीत पिठलं वाढलं. दुसरी ताटली घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हितंच यक खाऊन जायची ती, मंग घरी जायची. तिच्या वाटची हाय. तू खा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. अन्न वाया जाऊ नये म्हणून बोलावं तसे ते बोलले. मला निघून जाता आलं असतं, गाडी दारातच होती.

मी बसले आणि खाल्ली.